तूर्तास साधन उपलब्ध नाही

कडुलिंबाला मोहोर आला की लोकांना पाडवा आठवतो. माझं डोकं फिरतं. गेली कित्येक वर्षं हे असंच चाललंय आणि घरात आता सगळ्यांना सवय झाली आहे. 'आईचा सीझन सुरू झाला,' असं माझा मुलगा म्हणतो, चहाचा कप माझ्यापुढं ठेवतो आणि लांब जाऊन बसतो. परवा सकाळी अंगणात ती बारीक पांढरी फुलं पडलेली दिसली, कडवट-गोड वास आला, आणि झाडू हातात धरूनच मी मनातल्या मनात एका माणसाला झापायला लागले. तो आता कुठं असेल, मला माहीत नाही. मला बघून ओळखणारही नाही. पण त्याला काय होतंय! माझं भांडण अजून मिटलेलं नाही.

हा प्रॅक्टिकल परीक्षांचा हंगाम. कळमनुरीत तेव्हा मी कॉम्प्युटर शिकवायचे. हिंगोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि नवीन जिल्ह्यात सगळं नवीन येणार अशी हवा होती. आमचं केंद्र बियाणं आणि फवारणीच्या औषधांच्या दुकानावर, माडीवर. जिना चढताना नाकात औषधाचा उग्र वास शिरायचा, वर आलं की कूलरच्या ओल्या वाळ्याचा. दोन्ही मिळून जो वास व्हायचा तो माझ्या लेखी कॉम्प्युटरचा वास. दाराबाहेर चपलांची रांग. धूळ आत जाऊ नये म्हणून चपला बाहेर, असा नियम होता. पण पोरं चपला अशा श्रद्धेनं काढायची की पाया पडूनच आत येतात की काय असं वाटावं. काही जण खरंच उंबऱ्याला हात लावायचे.

आता त्या यंत्राबद्दल सांगते. सांगितल्याशिवाय माझा राग तुम्हाला कळायचा नाही.

खोलीत कॉम्प्युटरचे पडदे डझनभर होते, पण खरा कॉम्प्युटर एकच. कोपऱ्यातल्या लोखंडी टेबलावर तो घुं घुं करत बसायचा आणि बाकीचे सगळे पडदे आणि कीबोर्ड वायरींनी त्याला जोडलेले. त्याच्या एकट्याच्या जिवावर सगळा वर्ग. तोही नवीन नव्हता. आमचं मुख्य कार्यालय मोठ्या शहरात. तिथल्या केंद्रात नवी यंत्रं आली म्हणून जुनं आमच्याकडं धाडलं. बरं, धाडलं ते धाडलं, पण जसंच्या तसं तरी? त्यात मेमरीच्या दोन पट्ट्या होत्या, त्यातली एक काढून घेऊन मग धाडलं. झाकण उघडून धूळ पुसताना मला ती रिकामी खाच दिसायची. मी फोन करून विचारलं. तिकडून उत्तर आलं, "मॅडम, ग्रामीण केंद्राला एवढी मेमरी पुरे. तुमच्याकडं लोड कुठं असतो?" लोड! डझनभर लेकरं एका यंत्रावर लटकलेली आणि लोड कुठं असतो म्हणे.

ऑपरेटिंग सिस्टिमच्या आत एक गाभा असतो, त्याला कर्नल म्हणतात. बटण दाबलं की बाकी सगळ्यांच्या आधी तो कामाला लागतो. सुरुवातीलाच तो घरात मेमरी किती आहे ते मोजतो, आणि त्यावरून ठरवतो की या यंत्रावर एका वेळी कामं किती चालू द्यायची. चालू असलेल्या प्रत्येक कामाची व्यवस्था ठेवायला मेमरीतली थोडी जागा जाते. नुसत्या व्यवस्थेनंच मेमरी भरून गेली तर प्रत्यक्ष काम कुठं करणार? म्हणून तो मेमरीचा एक हिस्सा बाजूला काढतो आणि म्हणतो, यात जेवढी कामं बसतील तेवढी. ती झाली यंत्राची मर्यादा. त्याच्या निम्मी, एका वापरकर्त्याची. एकाच माणसानं सगळं बळकावू नये म्हणून निम्मी. डिस्कवर उसनी जागा करून दिलेली असते, मेमरी कमी पडली तर तिथं सामान सरकवायला. पण मर्यादा ठरवताना ती तो हिशोबातच धरत नाही. अंगची मेमरी तेवढी मोजतो. आणि हे सगळं कधी, तर अजून एकही माणूस कीबोर्डवर बसायच्या आत.

नांदेडला शिकताना हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरं सांगायचं तर मला ते आवडलं होतं. व्यवहारी वाटलं होतं. लग्नाच्या घरी आचारी चूल पेटवायच्या आधी कोठीत डोकावून शिधा बघतो, तसंच की. त्याआधीच्या जुन्या कर्नलमध्ये आकडा आधीच छापून ठेवलेला असायचा. यंत्र लहान असो, मोठं असो, सगळ्यांना तोच. मग नवा आला, ऐपत बघून आकडा ठरवणारा. सगळे म्हणाले, सुधारणा झाली. झालीच. मोठ्या यंत्रांची झाली.

मर्यादाच नको असं मी म्हणत नाही. एकदा वर्गातल्या एकानं असा प्रोग्राम लिहिला की तो स्वतःसारखाच दुसरा जन्माला घालायचा, दुसरा तिसऱ्याला, आणि थांबायचं कुठं ते लिहायलाच हा विसरला. मर्यादा होती म्हणून यंत्र तगलं, नाहीतर ते तिथंच बसलं असतं. मर्यादा पाहिजे. पण आधी पट्टी काढून घ्यायची, मग मेमरी कमी आहे म्हणून मर्यादा खाली येणार, मग मर्यादा आहे म्हणून माणसाला नाही म्हणायचं, आणि वर म्हणायचं की हे यंत्रानं ठरवलंय, आम्ही काय करणार! पट्टी काढली ते बोट कुणाचं होतं? ते मात्र कुणी विचारायचं नाही.

अजून एक कहर सांगते. ही मर्यादा मालकाला लागू नसते. यंत्राच्या मालकाचं वेगळं खातं असतं, त्याला रूट म्हणतात. बाकीच्यांना जागा संपली तरी रूट आपला आरामात आत. आमच्या यंत्राच्या रूटचा पासवर्ड मुख्य कार्यालयानं स्वतःकडं ठेवला होता. शिकवायचं मी, धूळ पुसायची मी, लाइट गेली की पळत जाऊन बॅटरी सांभाळायची मी, आणि किल्ली त्यांच्याकडं. विद्यार्थ्यांना तर सगळ्यांना मिळून एकच खातं करून दिलेलं. म्हणजे कर्नलच्या दृष्टीनं तो अख्खा वर्ग एकच माणूस होता, आणि सगळ्यांनी मिळून एका माणसाच्या हिश्श्यात भागवायचं.

तरी भागायचं. त्या वर्षांची आठवण आली की रागाच्या मधेच मला हसू येतं, ते आमच्या वर्गाच्या रीतीमुळं. आमच्या भागात पंगतीचा नियम पक्का. स्वतःचं जेवण झालं म्हणून कुणी उठत नाही. शेजारचा म्हातारा अजून भाकरी कुस्करत असेल तर तरण्याताठ्यानं हात वाळवत बसायचं. शेवटच्याचं झालं की सगळ्यांनी मिळून उठायचं. मधेच उठणं म्हणजे त्या मागं राहिलेल्याचा अपमान. आणि ही रीत पोरांनी जशीच्या तशी माझ्या माडीवर आणली. ज्याचं काम झालं तो बसून राहायचा. पडद्यावर सगळं उघडं ठेवून, हात मांडीवर घेऊन. एक प्रोग्राम झाला की तो बंद करायचा नाही, मागं ठेवायचा आणि पुढचा उघडायचा. बंद केला म्हणजे पान उचलल्यासारखं. मी सांगून थकले, "अरे, झालं ना तुझं? बंद कर आणि बाहेर पड."

किसन म्हणून एक जण होता, वर्गात वयानं सगळ्यांत मोठा, शेतकऱ्यांच्या सोसायटीत माल तोलायच्या कामाला. तो सगळ्यांच्या वतीनं उत्तर द्यायचा. "मॅडम, त्या पलीकडच्याचं व्हायचंय आजून. आदी उठलं तर बरं दिसत न्हाई."

"बरं दिसत नाही कुणाला? कॉम्प्युटरला?"

"मानसाला," किसन म्हणायचा, आणि सगळा वर्ग खाली मान घालून हसायचा.

त्या वर्गात शोभा होती. शोभाचं लग्न मेंढपाळाच्या घरी झालं होतं, वारंगा फाट्याच्या अलीकडच्या एका वस्तीवर. बारावी होऊन आलेली. दिवाळी झाली की घरातले कर्ते मेंढरं घेऊन निघायचे ते पावसाळ्याच्या तोंडी परतायचे. बायका-लेकरं त्यांच्यामागं, बिऱ्हाड घोड्यावर. त्या वर्षी मात्र शोभा क्लाससाठी वस्तीवरच मागं राहिली होती. शोभाला एक मुलगी होती, शाळेत घालायच्या वयाची. आणि शोभाला एक सासू होती, पारुबाई. नवल बघा, ही पोर शिकावी म्हणून हट्ट धरला तो त्या सासूनं. फाट्यावर एक धर्मकाटा होता, मालाचे ट्रक तोलायचा. त्यावर आता कॉम्प्युटरवर पावती निघणार होती आणि त्याच्या मालकानं शोभाला कबूल केलं होतं की पास झाल्याचं सर्टिफिकेट आण, जागा तुझी. काट्यावर नोकरी म्हणजे बारमाही एका ठिकाणी राहणं. एका ठिकाणी राहणं म्हणजे नातीची शाळा. पारुबाईनं मला हे पहिल्याच दिवशी चपलांपाशी बसून स्पष्ट सांगितलं होतं. "मॅडम, म्या जल्मभर मेंढरामागं चालले. सून बी चालली. आता नात न्हाई चालायची. तेवढं हिला शिकवा."

मी म्हटलं, "शिकवते."

"तसं न्हाई. बराबर शिकवा."

शोभा बोलायला कमी, हाताला पक्की. तिची बोटं कीबोर्डवर सुरुवातीला अडखळायची, पण चुकलेलं कुठं चुकलं ते तिला पटकन दिसायचं. दुपारच्या उन्हात पत्रा तापून कूलरची हवासुद्धा गरम लागायची तेव्हा बाकीचे पेंगायचे, ही पदरानं कपाळ पुसून पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायची. पारुबाई बाहेर जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून लोकर कातत राहायची. चातीचा बारीक आवाज आणि कीबोर्डची टकटक. परीक्षेच्या आधीचे ते पंधरवडे मला फार आवडायचे. खाली बाजारात हळद आलेली असायची, पोत्यांचा पिवळा वास जिन्यातून वर यायचा आणि औषधाच्या वासाला जरा तरी दाबायचा.

परीक्षेच्या दिवशी शोभाला उशीर झाला. वारंग्याकडून येणाऱ्या रस्त्यावर एक ट्रक आडवा झाला होता, गाड्या अडकल्या होत्या, सासू-सुना उतरून चालत आल्या. एवढ्या उन्हात. पण पहिल्या तासाच्या आत आल्या, आणि पहिल्या तासापर्यंत उशिरा येणाऱ्याला बसू द्यावं असा नियम होता. मी त्यांना जिन्यात पाहिलं आणि जीव भांड्यात पडला. शोभानं चपला काढल्या, माठातलं पाणीसुद्धा प्यायली नाही, सरळ कोपऱ्यातल्या रिकाम्या पडद्यापुढं जाऊन बसली. खात्याचं नाव टाकलं. पासवर्ड टाकला. यंत्रानं दोन्ही घेतलं. मग तिनं पहिला प्रोग्राम उघडायला हुकूम दिला, आणि पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. तिचा अर्थ, तूर्तास साधन उपलब्ध नाही.

तिनं पुन्हा दिला. पुन्हा तीच ओळ.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "हे न्हाई म्हनून राहिलं."

मला एका नजरेत कळलं. खोलीत सगळ्यांचे पडदे गच्च भरलेले. एकेकानं प्रश्नागणिक नवीन उघडून मागचं तसंच ठेवलेलं. एका खात्याची मर्यादा संपली होती. कर्नलनं सकाळी बटण दाबताच, त्या एका पट्टीकडं बघून ठरवलेला आकडा भरला होता, आणि शोभाच्या वाट्याला काही उरलं नव्हतं.

परीक्षक मुख्य कार्यालयाकडून आलेला होता. इस्त्रीचा शर्ट, मऊ आवाज. तो ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं. तो त्या मुख्य यंत्रापुढं बसला होता, रूट होऊन. खोलीत जागा संपली होती आणि हा आत बसून निवांत गुणांचा तक्ता तयार करत होता. मी त्याच्याजवळ गेले आणि सांगितलं, "सर, मर्यादा भरली आहे. तुम्ही रूट आहात. एका फायलीत एक ओळ लिहिली की नव्यानं आत येणाऱ्याला जास्त जागा मिळते. यंत्र बंदसुद्धा करावं लागत नाही. मी सांगते काय लिहायचं ते."

"मॅडम, परीक्षा चालू असताना सेटिंगला हात लावता येत नाही."

"मग पासवर्ड मला द्या, मी लावते हात."

"ते तर अजिबातच नाही." तो हसला. "आणि हे बघा, मर्यादा मी घातलेली नाही. सिस्टिम मेमरी पाहून ठरवते. एखाद्या ठिकाणची क्षमता असते तेवढीच असते. त्यात मी कोण?"

क्षमता! हा शब्द ऐकला की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. तो यंत्राबद्दल बोलत होता, पण बोलताना त्याची नजर कुठं होती? चपलांच्या रांगेकडं, दारातल्या पारुबाईकडं, शोभाच्या धुळीनं भरलेल्या पायांकडं. मी तिथंच होते. मी पाहिलं.

मी म्हटलं, "सर, या यंत्रात दुसऱ्या पट्टीची खाच रिकामी आहे. झाकण काढून दाखवू? ती पट्टी तुमच्याच ऑफिसनं काढून घेतली. त्यात तुम्ही कोण म्हणता?"

त्यानं घड्याळाकडं पाहिलं. पहिला तास संपला होता. "वेळेत काम सुरू झालेलं नाही," तो मऊ आवाजात म्हणाला, आणि हजेरीपत्रकात शोभाच्या नावापुढं शाईनं लिहिलं, गैरहजर.

मी वळले. अर्ध्या वर्गाचं काम होऊन गेलं होतं, आणि ते सगळे रीतीप्रमाणं हात मांडीवर घेऊन बसले होते. माझा आवाज खालच्या दुकानात ऐकू गेला असेल. "उठा! ज्यांचं झालंय ते सगळं बंद करा आणि उठा!"

कुणी हललं नाही. किसन अवघडून म्हणाला, "मॅडम, शोभाबाई तर आत्ताच आल्या. त्यायचं व्हायच्या आदी कसं उठावं?"

तिच्याचसाठी बसले होते ते. ती मागं राहिली, तिला एकटं वाटू नये म्हणून. आणि त्यांच्या त्या बसण्यानंच तिची वाट अडली होती. मी त्यांना सांगितलं, तुम्ही बसलात म्हणून तिला जागा नाही. किसनचं तोंड एवढंसं झालं. "आरं देवा," एवढंच म्हणाला आणि त्यानं घाईघाईनं एकेक प्रोग्राम बंद करायला सुरुवात केली. मग सगळ्यांनीच. खोलीत नुसती टकटक उठली. अर्धी माणसं उभी राहिली. शोभानं पुन्हा हुकूम दिला आणि कर्नलनं तिला मुकाट्यानं आत घेतलं.

म्हणून म्हणते, कर्नलवर माझा राग आहे पण थोडा. तो 'तूर्तास' म्हणतो आणि त्याचा अर्थ खरोखर तूर्तासच असतो. जागा झाली की तो मागचं उगाळत बसत नाही, मघाशी तुला नाही म्हटलं होतं असं सुनावत नाही. शाईनं तर तो काहीच लिहीत नाही.

शोभानं सगळे प्रश्न सोडवले. घरी कुणी गेलंच नाही. काम झालेले तिच्यामागं भिंतीला टेकून उभे, बसायला जागा असूनही उभे, कारण बसलं तर पुन्हा काही बिघडेल अशी त्यांना धास्ती. तिचा शेवटचा प्रोग्राम पहिल्या फटक्यात चालला. उत्तर पडद्यावर आलं तेव्हा किसननं टाळी वाजवली आणि मग जीभ चावली. मी परीक्षकाला बोलावलं. तो आला, वाकून पाहिलं, मान डोलावली. "चांगलं आहे," तो म्हणाला. "पण नोंद होऊन गेली आहे. पुढच्या वेळी वेळेत काम सुरू करायला सांगा."

"खोडा की नोंद. तुमच्या डोळ्यासमोर बसलीय ती."

"खाडाखोड चालत नाही, मॅडम."

पारुबाई दारातून सगळं ऐकत होती. चाती खाली ठेवून ती आत आली, उंबरा ओलांडून, पहिल्यांदाच. तिला गुण, नोंद, मर्यादा यातलं काही नको होतं. तिला एकच शब्द खटकला होता.

"काहून वो साहेब, गैरहाजर म्हंजे आली न्हाई आसंच ना?"

"हो मावशी. नियमाप्रमाणं..."

"मंग ही कोन बसलीया? म्या सोता आनलं हिला. उन्हात चालत आनलं. नापास लिवा तुमी. येत न्हाई काही हिला, आसं लिवा. पर आली न्हाई आसं काहून लिवता?"

त्यानं बॅगेची चेन लावली.

पुढं मी मुख्य कार्यालयाशी भांडले. फोनवर भांडले, जाऊन भांडले. एका साहेबानं दुसऱ्याकडं पाठवलं, दुसऱ्यानं पाणी पाजलं. सगळे मला समजावत होते की यात कुणाचीच चूक नाही. परीक्षकानं नियम पाळला. यंत्रानं हिशोब पाळला. कार्यालयानं आहे ते साहित्य गरजेप्रमाणं वाटलं. आणि या सगळ्या बिनचूक माणसांनी मिळून एका बाईला, ती समोर बसलेली असताना, नाहीशी केली. पुढच्या परीक्षेला शोभा पास झाली, वर्गात पहिली आली. पण काट्याचा मालक तोवर थांबला नव्हता, त्याचंही खरं. ट्रक रोज तोलावे लागतात. त्या दिवाळीनंतर शोभा मेंढरांमागं निघाली आणि तिच्यामागं तिची लेक. मला त्या रस्त्यात दिसल्या होत्या. घोड्यावर बिऱ्हाड, कोंबड्या उलट्या टांगलेल्या, आणि ती पोर हातात बारकी काठी घेऊन पायी. शोभानं हात केला. मीही केला.

आता मेमरी स्वस्त झाली. माझ्या हातातल्या फोनमध्ये त्या माडीवरच्या यंत्राच्या कितीतरी पट मेमरी आहे आणि मी तिच्यात नातेवाइकांचे शुभ सकाळचे फुलांचे फोटो साठवते. आत कर्नल आहेच, अजूनही तो उठल्याबरोबर आधी मोजतोच. आकडे एवढे मोठे झालेत की ते कुणाला टोचत नाहीत. लोक मला म्हणतात, मॅडम, आता सोडा ना, तो जमाना गेला. जमाना गेला, पण ती बोलायची पद्धत कुठं गेली? आमच्या जिल्ह्याला काही द्यायची वेळ आली की आजही कुणीतरी मऊ आवाजात क्षमता काढतो, आणि लोड कुठं असतो म्हणून विचारतो. अंगणातला मोहोर मी झाडून काढते, दुसऱ्या दिवशी तेवढाच पुन्हा पडलेला असतो.

पण त्या दिवसाची माझ्या डोळ्यांपुढून न हलणारी गोष्ट परीक्षेच्या खोलीतली नाहीच. परीक्षा संपल्यावर मी सासू-सुनांबरोबर वारंगा फाट्याला निघाले. काट्याच्या मालकाला स्वतः भेटून सांगावं, हिची चूक नाही, थोडं थांब, असं माझ्या मनात होतं. स्टँडवरून, आडव्या ट्रकला शेतातल्या वाटेनं वळसा घालून जाणारी काळी-पिवळी जीप मिळाली. जीप म्हणजे काय ते आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. आत आधीच माणसावर माणूस. मागं टपावर पोती, शोभाच्या मांडीवर कुणाचं तरी लेकरू. पारुबाई खिडकीच्या गजाला धरून बाहेर बघत होती. जीप हलणार एवढ्यात तो परीक्षक घाईघाईनं येताना दिसला. त्याला घ्यायला येणारी गाडी त्या आडव्या ट्रकच्या पलीकडंच अडकली होती, आणि फाट्यावरून त्याला नांदेडची बस गाठायची होती. इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटलेला. त्यानं आत डोकावून पाहिलं, आम्हाला ओळखलं, आणि क्षणभर थबकला. मग ड्रायव्हरला विचारलं, "जागा आहे का?"

माझ्या अगदी ओठावर आलं होतं. जिभेच्या टोकावर सगळी वाक्यं तयार होती, मर्यादा, क्षमता, सगळी. पण पारुबाईनं माझ्या आधी सुनेला कोपर मारलं आणि स्वतः अंग चोरून गजाला चिकटली.

"सरक ग पोरी. या साहेब, या. मानूस दारात उभं हाय, डोळ्याला दिसून राहिलंय. आमी न्हाई गैरहाजर लिवत."

जीपमधल्या कुणाला काही कळलं नाही. त्याला कळलं. पुढची गाडी कधी येईल याचा भरवसा नव्हता, म्हणून तो मुकाट्यानं चढला आणि त्या दोघींच्या मधे, त्यांनी करून दिलेल्या जागेत बसला.